संगीत सॉफ्टवेअरचे लायसन्स विकताना आणि विकत घेताना या चुका टाळा

सेकंडहँड प्लगइनचा (संगीत सॉफ्टवेअरला जोडून वापरायच्या छोट्या प्रोग्रामचा) व्यवहार बिघडतो तो बहुधा क्रम चुकल्यामुळे. पैसे आधी जातात, कंपनीची परवानगी नंतर विचारली जाते, आणि विकणाऱ्याच्या संगणकावरचे सॉफ्टवेअर बंद झाले आहे की नाही, हे तर दोघांपैकी कोणीच पाहिलेले नसते. हार्मोनियम हातातून हातात गेली की तिची मालकी बदलते. संगीत सॉफ्टवेअरमध्ये मात्र कंपनीच्या नोंदीत नवे नाव चढेपर्यंत काहीच बदललेले नसते, मग सिरियल नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून झालेला असो किंवा पैसे खात्यात जमा झालेले असोत. घरगुती स्टुडिओ उभारणाऱ्यांची संख्या वाढल्यापासून मराठी संगीतकार आणि ध्वनिमुद्रणकारही अशा व्यवहारांत उतरू लागले आहेत. त्यांना वारंवार अडवणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय पुढे दिले आहेत.

आपल्याकडे विकण्याजोगे काय आहे हे न तपासता जाहिरात करणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. दुकानातून डबा आणला असो किंवा संकेतस्थळावरून फाइल उतरवली असो, आपल्याला मिळालेली असते ती ठरावीक अटींवर सॉफ्टवेअर वापरण्याची परवानगी, आणि ती परवानगी दुसऱ्याच्या नावे करता येते की नाही हे त्या अटींमध्येच लिहिलेले असते. इन्स्टॉल करताना न वाचता मान्य केलेला तो लांबलचक करार विकण्याच्या वेळी तरी उघडून वाचावा आणि त्यात हस्तांतरणाविषयीचे कलम शोधावे.

काही लायसन्स मुळातच विकता येत नाहीत. मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये विकण्यासारखे काहीच नसते. वर्गणी थांबली की हक्क संपला. ‘नॉट फॉर रीसेल’ असा शिक्का असलेली प्रत, जी सहसा परीक्षणासाठी किंवा प्रचारासाठी फुकट दिलेली असते, ती विकणे करारभंग ठरतो. विद्यार्थी सवलतीतील लायसन्स हा तिसरा प्रकार, आणि तो फसवा आहे, कारण सॉफ्टवेअर पूर्ण आवृत्तीसारखेच चालते आणि विकणाऱ्याला स्वतःलाच कधीकाळी कॉलेजचे ओळखपत्र दाखवून ते घेतल्याचा विसर पडलेला असतो. एबलटनसारख्या कंपन्या पूर्ण किमतीचे लाइव्ह हे आपले संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या नावे करू देतात, परंतु शैक्षणिक लायसन्स करू देत नाहीत.

अ‍ॅपलच्या लॉजिक प्रो या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न वेगळा आहे. मॅक अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेले हे सॉफ्टवेअर खरेदीदाराच्या अ‍ॅपल खात्याला बांधलेले असते आणि एका खात्यातील खरेदी दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोय नाही. त्यामुळे ‘मॅकबुक, लॉजिक प्रोसकट’ अशी जाहिरात दिसली तर त्यातील ‘लॉजिक प्रोसकट’ या भागाची किंमत शून्य धरावी. जुन्या मालकाच्या खात्यातून उतरवलेली प्रत काही काळ चालेलही. पण अपडेटची वेळ आली की त्या खात्याचा पासवर्ड मागितला जाईल आणि तेथेच गाडी अडेल.

सॅम्पल लायब्ररींबाबत, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांच्या संग्रहांबाबत, नियम सर्वांत कडक आहेत. स्पिटफायर ऑडिओसारख्या निर्मात्यांची लायसन्स हस्तांतरणीय नसतात. याचे कारण समजून घेतले तर राग थोडा कमी होतो. सॅम्पल लायब्ररीत प्रत्यक्ष वादकांचे ध्वनिमुद्रण असते आणि ते वापरणाऱ्याच्या रचनांमध्ये जसेच्या तसे उतरते. लायब्ररी विकणाऱ्याने आपल्या संगणकावरून सर्व फाइली पुसल्या तरी त्याच्या जुन्या रचनांमध्ये ते स्वर राहणारच, आणि फाइली खरोखर पुसल्या की नाही हे तपासण्याचा मार्ग निर्मात्याकडे नसतो. कारण पटले तरी दोन-तीनशे डॉलर देऊन घेतलेली आणि क्वचितच उघडलेली लायब्ररी कायमची गळ्यात राहते, ही तक्रार रास्तच आहे. म्हणून असा खर्च करण्यापूर्वी, म्हणजे विकण्याचा विचारही मनात नसताना, हस्तांतरणाची अट वाचून ठेवावी.

बंडल फोडणे आणि अपग्रेडची साखळी तोडणे

नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कॉम्प्लीटसारखे बंडल घेतले, त्यातील दोनच वाद्ये वापरली आणि बाकीची एकेक करून विकायची ठरवली, तर ते होत नाही. बंडलला लायसन्स एकच असते, आतील वाद्ये कितीही असोत. विकायचे तर संपूर्ण बंडल विकावे लागते. अपग्रेडचीही गत तीच. जुन्या आवृत्तीवरून सवलतीत नवी आवृत्ती घेतलेली असेल, तर मूळ लायसन्स आणि अपग्रेड ही एकच साखळी असते. नवी आवृत्ती विकून जुनी स्वतःकडे ठेवता येत नाही. ‘अपग्रेड, अगदी स्वस्तात’ अशी जाहिरात पाहून पैसे देणाऱ्याने मूळ लायसन्सही आपल्या नावे होणार आहे ना, हा प्रश्न आधी विचारावा.

नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या इतर कंपन्यांच्या लायब्ररींमध्ये आणखी एक पेच आहे. अशा लायब्ररीचा सिरियल नंबर नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या खात्यात नोंदलेला असतो, पण हस्तांतरणाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवते लायब्ररी बनवणारी कंपनी. विकणारा चुकीच्या दारात उभा राहतो आणि आठवडे वाया जातात. पहिला ईमेल लायब्ररीच्या निर्मात्याला पाठवावा.

हार्डवेअरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे धरणे

आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज येथे होतात, कारण आपल्या सेकंडहँड बाजारात नुसत्या प्लगइनपेक्षा ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्य संगणकाला जोडणारे उपकरण) आणि मिडी कीबोर्ड (संगणकातील वाद्ये वाजवण्याचा कीबोर्ड) जास्त फिरतात. नव्या इंटरफेससोबत मर्यादित आवृत्तीचे डीएडब्ल्यू (ध्वनिमुद्रण आणि संपादनाचे मुख्य सॉफ्टवेअर) आणि काही प्लगइन मिळतात. त्यांचे कोड उपकरणाच्या सिरियल नंबरवर एकदाच दिले जातात. पहिल्या मालकाने ते आपल्या खात्यात घेतले की दुसऱ्या मालकाने तोच नंबर टाकल्यावर ‘हे उपकरण आधीच नोंदलेले आहे’ एवढेच उत्तर मिळते.

यावर उपाय विक्रीपूर्वीच करता येतो. विकणाऱ्याने उपकरण आपल्या खात्यातून मोकळे करावे किंवा कंपनीला लिहून मालकी बदलून घ्यावी, आणि सोबतच्या सॉफ्टवेअरपैकी काय पुढे जाईल व काय जाणार नाही हे जाहिरातीतच स्पष्ट लिहावे. त्या बंडलमध्ये तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर असतात, त्यामुळे इंटरफेसच्या कंपनीने मालकी बदलली तरी बाकीच्यांनी बदलली असे होत नाही. घेणाऱ्याने सुरक्षित मार्ग धरावा: किंमत फक्त उपकरणाची ठरवावी, सॉफ्टवेअर मिळाले तर बोनस समजावा.

डीअ‍ॅक्टिव्हेट न करता हस्तांतरणाला बसणे

आयलॉक ही पेस या कंपनीची लायसन्स-व्यवस्था अनेक प्लगइन कंपन्या वापरतात. तिच्यात लायसन्स संगणकावर, आयलॉकच्या यूएसबी डोंगलवर (लायसन्स साठवणाऱ्या, संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणावर) किंवा, निर्मात्याने मुभा दिली असल्यास, क्लाउडवर सक्रिय करता येते. हस्तांतरणाचे बटण दिसत नाही किंवा फिके दिसते अशी तक्रार असेल तर दोनच शक्यता प्रथम तपासाव्यात. एक, ते लायसन्स अजून कोठेतरी सक्रिय आहे; जुना लॅपटॉप विकताना त्यावरील लायसन्स काढून घ्यायचे (डीअ‍ॅक्टिव्हेट करायचे) राहिले असेल तर ते त्या यंत्रावरच अडकलेले असते. दोन, निर्मात्याने त्या लायसन्सचे हस्तांतरणच बंद ठेवले आहे, आणि तसे असेल तर पेसला कितीही लिहिले तरी उपयोग नाही.

यूएसबी डोंगल हातात दिले म्हणजे त्यावरील लायसन्स दिले, ही समजूतही खोटी आहे. डोंगल विकणाऱ्याच्या आयलॉक खात्यात नोंदलेले असते. घेणाऱ्याने स्वतःचे मोफत खाते उघडून आपला यूझर आयडी द्यावा आणि लायसन्स त्या खात्यात दिसल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे मानू नये. आयडी टाकताना एक अक्षर चुकले आणि त्या नावाचे खाते दुसऱ्या कोणाचे असले तर लायसन्स परक्याच्या घरी जाते आणि ते विकणाऱ्याला आपल्या हाताने परत आणता येत नाही.

हस्तांतरणाचे शुल्क कोण भरणार हेही आधी ठरवावे. ते कंपनीगणिक बदलते. कोठे ते नसतेच, कोठे वीस ते पन्नास डॉलरच्या घरात असते. यू-ही किंवा फॅबफिल्टर यांसारख्या तुलनेने लहान कंपन्या लायसन्स दुसऱ्याच्या नावे करू देतात, ही गोष्ट खरेदीच्या वेळीही लक्षात घेण्यासारखी आहे. आणि किंमत ठरवताना मूळ छापील किमतीकडे पाहू नये. प्लगइन वर्षातून अनेकदा, विशेषतः नोव्हेंबरातील ब्लॅक फ्रायडेला, निम्म्याहून कमी दरात नवीन मिळतात. सेकंडहँड किंमत अधिक शुल्क अशी बेरीज सेलमधील नव्या किमतीच्या जवळ जात असेल तर एवढा उपद्व्याप करण्यात अर्थ नाही.

बंद पडलेल्या व्यवस्थेवरील लायसन्स घेणे

स्टाइनबर्गचे उदाहरण येथे बोलके आहे. त्यांच्या क्युबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची जुनी लायसन्स ई-लायसन्सर नावाच्या यूएसबी डोंगलमध्ये साठवलेली असत. जानेवारी २०२२ मध्ये डोरिको ४ (त्याच कंपनीचे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर) आणि मार्च २०२२ मध्ये क्युबेस १२ खात्यावर आधारित नव्या व्यवस्थेत आले, डोंगल गेले, आणि २०२५ मध्ये ई-लायसन्सरची सेवा थांबवण्यात आली. म्हणून आज कोणी जुन्या क्युबेसचे डोंगल स्वस्तात देऊ करत असेल तर ते डोंगल बिघडल्यास त्यातील लायसन्स परत मिळवून देणारी यंत्रणा मागे उरलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. शिवाय नव्या आवृत्तीवर गेलेल्या ग्राहकाच्या डोंगलमध्ये जुने लायसन्स दिसत राहते, मात्र ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. दिसते म्हणून ते घेण्याजोगे आहे असे नाही.

कंपनीच उरली नाही तर प्रश्न आणखी साधा होतो, कारण उत्तर देणारेच कोणी नसते. अल्केमी हा नावाजलेला सिंथेसायझर बनवणारी कॅमल ऑडिओ ही कंपनी जानेवारी २०१५ मध्ये बंद झाली, अ‍ॅपलने ती घेतल्याचे उघड झाले आणि त्याच वर्षी अल्केमी लॉजिक प्रोचा भाग बनून आले. अशा सॉफ्टवेअरचे लायसन्स विकत घेणे म्हणजे ज्या कार्यालयात नाव चढवायचे त्यालाच कुलूप असताना कागद घेणे होय.

पासवर्डसकट खाते विकणे

हस्तांतरण होत नाही म्हटल्यावर ‘माझे खातेच घ्या, ईमेल आणि पासवर्ड बदला’ असा तोडगा अनेक जण सुचवतात. तो स्वीकारू नये. बहुतेक करारांत खाते दुसऱ्याला देण्यास मनाई असते, आणि मूळ मालकाने जुन्या पावतीच्या आधारे कंपनीला लिहून खाते परत मागितले तर कंपनी त्याचेच ऐकेल. पावतीवर नाव त्याचे आहे. घेणाऱ्याकडे दाखवण्यासारखे काहीच नसते.

पैसे देण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष करणे

यूपीआयने पाठवलेले पैसे क्षणात पोहोचतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. स्वखुशीने पाठवलेली रक्कम कार्डाप्रमाणे हरकत घेऊन परत मागवण्याची सोय तेथे नाही. पेपालने भारतातील देशांतर्गत सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. परदेशी खरेदीदाराकडून पैसे घेता येतात, पण त्यासाठी व्यवहाराचा हेतू दर्शवणारा कोड द्यावा लागतो आणि रक्कम पेपालमध्ये न राहता आपोआप बँकेत जमा होते. ओळखीच्या व्यक्तीशी व्यवहार असेल तर निम्मी रक्कम आधी आणि उरलेली लायसन्स खात्यात दिसल्यावर, ही जुनी रीत येथेही चालते. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना आधी कंपनीच्या मदत-विभागाला दोघांनाही प्रत ठेवून ईमेल करावा. कंपनीने ‘हे लायसन्स हस्तांतरणीय आहे’ असे लेखी कळवल्यानंतरच पैशाचा विषय काढावा. जो विक्रेता या ईमेलला नकार देतो, त्याच्याशी पुढे बोलण्याची गरज नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे असे गृहीत धरणे

‘विकत घेतले म्हणजे माझे’ हा युक्तिवाद करणारे अनेकदा युरोपातील निकालाचा हवाला देतात. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात, कायमस्वरूपी लायसन्ससह उतरवून घेतलेली सॉफ्टवेअरची प्रत पुन्हा विकता येते असे म्हटले, हे खरे आहे. पण विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी केली पाहिजे आणि अनेक वापरकर्त्यांचे एकत्र लायसन्स तुकडे करून विकता येणार नाही, असेही त्याच निकालात आहे. अमेरिकेत २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात अपील न्यायालयाने ग्राहकाला प्रतीचा मालक न मानता परवानाधारक मानले. युरोपातील निकाल भारतात बंधनकारक नाही. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १४ संगणक प्रोग्रामच्या प्रती विकण्याविषयी स्वतंत्रपणे बोलते, तरी पाचशे रुपयांच्या प्लगइनसाठी त्याचा अर्थ न्यायालयात लावून घ्यायला कोणी जाणार नाही. व्यवहारात जर्मनीतील किंवा अमेरिकेतील त्या कंपनीचा मदत-विभाग काय म्हणतो, तेच शेवटी चालते.

अडकल्यावर काय करावे

लायसन्स खात्यात आले पण सॉफ्टवेअर सुरू होत नसेल तर आधी आवृत्ती तपासावी. हस्तांतरित झालेले लायसन्स जुन्या आवृत्तीचे आणि इन्स्टॉल केलेले सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचे, असे पुष्कळदा असते. आयलॉक वापरत असल्यास लायसन्स मॅनेजर अद्ययावत करून लायसन्स प्रत्यक्ष सक्रिय केले आहे का, ते पाहावे. खात्यात असणे आणि सक्रिय असणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

विकणाऱ्याचा नोंदणीकृत ईमेल बंद पडला असेल, जसा नोकरी बदलल्यावर ऑफिसचा ईमेल पडतो, तर हस्तांतरणाआधी त्यानेच मूळ पावती दाखवून ईमेल बदलून घ्यावा. हे काम घेणारा करू गेल्यास कंपनीला चोरीचा संशय येतो. विकणारा पैसे घेऊन गप्प झाला असेल तर कंपनीला शिवीगाळ करणारा ईमेल लिहून काही मिळत नाही. व्यवहाराची तारीख, दोघांचे खाते-ईमेल, सिरियल नंबरचे शेवटचे काही आकडे आणि पैसे पाठवल्याचा पुरावा एवढेच, साध्या इंग्रजीत, एका ईमेलमध्ये पाठवावे. कंपनी पैसे परत देणार नाही, पण आधी हस्तांतरणाची विनंती नोंदलेली असेल तर ती पूर्ण करण्याची शक्यता असते. फसवणूक स्पष्ट असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार जितकी लवकर नोंदवावी तितके ते पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवले जाण्याची आशा अधिक असते.