भिंतीवरच्या मूल्यांना गेज लावून बघा

मी बेळगावजवळच्या, भातासाठी नावाजलेल्या येळ्ळूरचा. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीत अकरा वर्षं काढली. हल्ली कंपनीवरून मन उडालेली पोरं संध्याकाळी मला गाठतात. मच्छेच्या मशीन शॉपमधली असतात, सणाला घरी आलेली पुण्याच्या आयटीतलीही असतात. 'काका, आता काय करू?' एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहून टाकतोय.

आधी 20 मिलिमीटरच्या भोकाचं सांगतो. ड्रॉइंगवर 20 एच 7 असलं की भोक 20.000 पेक्षा लहान चालत नाही आणि 20.021 पेक्षा मोठंही. ते तपासायच्या दांडीला, म्हणजे प्लग गेजला, दोन टोकं असतात. 'गो' आत गेलं पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. ऑपरेटर किती देवभोळा, साहेब किती गोड बोलतो, हे गेज विचारत नाही. रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या मूल्यांनाही हाच गेज लावायचा. प्रत्येक शब्दाला एक गो प्रश्न, एक नो-गो प्रश्न. अट एकच, उत्तर पैशात, वेळेत नाहीतर रजेत मोजता आलं पाहिजे.

'माणसांचा आदर' घ्या. गो: ओटी, म्हणजे जादा तासांचे पैसे, दुप्पट दरानं पगाराच्या स्लिपवर दिसते का? 1948 च्या कारखाना कायद्यापासून हा नियम आहे, म्हणजे यात कंपनीचे उपकार काही नाहीत. नो-गो: एक जॉब बिघडला तर सगळ्या लाइनीसमोर आईवरून शिवी पडते का? 'आपण एक कुटुंब' हे मोजायला तर फारच सोपं. सुगीत चार दिवस रजेचा अर्ज टाका. माझं भात शिवारात कापून पडलेलं, वर आभाळ भरून आलेलं, आणि उत्तर मिळालं, 'घरची कामं रविवारी करा.' वार्षिक स्नेहसंमेलनात मात्र माझ्या आईला स्टेजवर बोलावून साडी दिली. साडी चांगली होती, ते खोटं कशाला बोलू. पण ते गेजात धरायचं नाही. मोठ्या कंपन्यांचे झाडं लावल्याचे फोटोही धरायचे नाहीत. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावेच लागतात.

शब्दांना भुलू नका, हे मला एका भाषांतरानं शिकवलं. आमचा मूल्यांचा बोर्ड इंग्रजी आणि कानडीत होता. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, मराठीत करून द्या. 'ओनरशिप' पाशी मी अडलो आणि सरळ 'मालकी' लिहिलं. कागद नोटीस बोर्डावर लागला तशी फेटलिंगमधल्या (ओतीव नग घासून साफ करणाऱ्या विभागातल्या) एकानं हाक मारली, 'अरे मर्दा, मालकी दिलीसा म्हणं! मग शेअर कुठं हाईत?' दुपारपर्यंत कागद उतरला. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पामुळं आपल्याकडं घरोघर माहीत झालेली एन्रॉन आठवते ना? आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता ही तिची छापील मूल्यं होती. 2 डिसेंबर 2001 ला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता माझी स्वतःची चूक, कारण खरं मार्गदर्शन तिच्यातच आहे. मार्चएंडची सेकंड शिफ्ट. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी, 40 नग. बोअर मारल्यावर 14 नगांत आतून ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली पोकळ छिद्रं, उघडे पडले, मोहरीएवढे. मी लाल रंग मारून, म्हणजे बाद ठरवून, ते बाजूला लावले. साडेनऊला गाडी गेटवर आली. इनचार्जनं एका पोराच्या हातात थिनरचा बोळा दिला. तो मुकाट्यानं एकेक नग पुसत होता. लाल जाऊन गुलाबी डाग राहत होता, तो तो परत घासत होता. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही त्यानं. मग रिपोर्ट माझ्यापुढं आला आणि मी सही केली. मेमध्ये मला शाल, नारळ आणि 'सचोटी' ची ढाल मिळाली. जूनमध्ये 8 नग गिऱ्हाइकाकडून परत आले आणि चौकशीत एकच कागद निघाला, माझ्या सहीचा.

त्या रात्री करायला हवं होतं ते असं. भांडण नको, हुतात्मा होणंही नको. फक्त म्हणायचं, 'साहेब, डेव्हिएशनचा फॉर्म भरून तुमची सही द्या, गिऱ्हाइकाची मंजुरी लावा, मी नग सोडतो.' मापात न बसलेला माल मंजुरी घेऊन सोडायचा, त्याच कामासाठी हा फॉर्म असतो. निम्म्या वेळा 'सोडा' म्हणणारा माणूस पेन बघूनच मागं सरकतो. नाहीच सरकला, तर सहीखाली 'अमुक यांच्या सांगण्यावरून, इतक्या वाजता' एवढं लिहायचं. ऑफिसात काम करत असाल तर हेच मेलवर: 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...' सोबत एक खिशातली वही ठेवा, तारीख आणि वेळ घालून. त्यात तुमचं काय म्हणणं आहे ते नको, काय घडलं तेवढंच. नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा घरी ठेवा. कंपनीची ड्रॉइंगं आणि गिऱ्हाइकांचे कागद मात्र घरी आणू नका, तिथं तुम्हीच चोर ठरता.

राजीनामा रागात टाकू नका. आमच्यातला एक जण चार वर्षं दोन महिन्यांवर तावातावानं गेला आणि ग्रॅच्युइटी घालवून बसला. कायम कामगाराला त्यासाठी सलग 5 वर्षं लागतात. हिशेब बोटांवर होतो: धरायचा पगार (मुख्यतः बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता) गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 18,000 वर अकरा वर्षांचे 1,14,231 रुपये होतात. रागाची ही किंमत द्यायची का, ते मग ठरवा. पीएफ काढून मोटरसायकल घेऊ नका, नव्या ठिकाणी वळवा. त्याच्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते.

दुसरीकडं जाताना सगळी मूल्यं मागू नका, मिळत नाहीत. स्वतःला ज्यावाचून झोप लागत नाही अशी दोन निवडा. माझी दोन: फेल माल फेलच राहावा, आणि सुगीची रजा. आता मी बारा माणसांच्या शॉपमध्ये आहे. बोर्ड नाही, ढाल नाही. मालक तोंडाचा फाटका, पगार कधी सातला तर कधी बाराला. पण लाल रंग मारलेला नग तो स्वतः भंगारात फेकतो, वर मला विचारतो, 'अजून कुठला?' पगाराच्या तारखेवरून आमचं दर महिन्याला वाजतं, ते वेगळं.

राहता राहिला तो 'नाव न सांगता भरा' वाला सर्व्हे. त्यात विभाग विचारतात, शिफ्ट विचारतात, वय विचारतात. क्वालिटी, सेकंड शिफ्ट, चाळिशीच्या पुढं, असे आम्ही दोघंच होतो. म्हणून तोंडावर बोलू शकाल तेवढंच त्यात लिहा. मी शेवटच्या सर्व्हेत कँटीनच्या भाताबद्दल लिहिलं होतं, की येळ्ळूरच्या माणसाला असला भात वाढू नये. पुढच्या सोमवारी तांदूळ बदलला.