म्हाताऱ्या फेरेटचे दात आणि हिरड्या: घरी काय बघायचं, काय करायचं

फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) चार-पाच वर्षांचं झालं की म्हातारंच धरायचं, आणि मग महिन्यातून एकदा तरी तोंडात नीट बघायचंच. मानेमागची सैल कातडी हलक्या हाताने धरा, मागचे पाय टेबलावर टेकलेले असू द्या, बहुतेक फेरेट लगेच मोठी जांभई देतात, तेवढ्यात मोबाईलचा टॉर्च मारून बघून घ्यायचं. किबल (कोरडं दाणेदार खाणं) खाऊन दात आपोआप साफ होतात असं बरेच जण सांगतात, पण प्लीज त्यावर विसंबू नका, वरच्या दाढांवर बाहेरच्या बाजूने पिवळं-तपकिरी कीटण बसतंच.

हिरडी फिकट गुलाबी असेल तर छान. दाताच्या कडेने लाल रेघ दिसली तर हिरडी सुजायला लागलीये, इथपर्यंत ब्रशिंग आणि क्लीनिंगने सुधारतं. पण रक्त येतंय, घाण वास येतोय, हिरडी मागे सरकून मूळ दिसतंय किंवा दात हलतोय तर थेट व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर). सुळ्याचं टोक तुटणं खूप कॉमन आहे (पिंजऱ्याच्या जाळ्या चावतात ना), तुटल्या जागी काळा ठिपका असेल किंवा अख्खा दात करडा पडला असेल तर आतली नस गेलीये किंवा उघडी पडलीये असं धरा, तो दुखतो, फक्त फेरेट ते दाखवत नाही. एका बाजूचा जबडा सुजला तर अजिबात थांबू नका, गळू असू शकतं, कॅन्सरही असू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाळ गळतेय आणि पंजाने तोंड ओरबाडतंय म्हणजे दातच दुखतोय असं धरून बसू नका!! या वयात इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी गाठ, फार जणांना होते, त्यात शुगर पडते, मळमळतं आणि फेरेट अगदी हेच करतं. सोबत शून्यात बघणं, मागचे पाय लुळे पडणं असेल तर बोटाने थोडा मध हिरडीला चोळा (तोंडात ओतू नका, ठसका लागेल), शुद्धीवर असेल तर लगेच मांसाचं काहीतरी खायला द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. फिट आली असेल तर बोट तोंडात घालू नका, चावेल.

ब्रशिंगला मांजरांचा छोटा ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं गॉज, आणि प्राण्यांसाठीची चिकन फ्लेवरची पेस्ट. आपली टूथपेस्ट नको, त्यातलं फ्लोराइड पोटात जातं आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर जिवावर बेतू शकतं. आधी नुसती पेस्ट चाटू द्या, मग हळूहळू बाहेरच्या बाजूने घासा, आठवड्यातून दोन-तीनदा जमलं तरी फरक पडतो.

बसलेलं कीटण घरी नखाने किंवा स्केलरने (कीटण काढायचं टोकदार हत्यार) खरवडू नका, हिरडीखालचं तसंच राहतं. भूल देऊनच क्लीनिंग करायचं, आधी ब्लड टेस्ट (शुगर धरून) आणि हार्ट चेक करून घ्या. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे जातं, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, इन्सुलिनोमावाल्याला तर नाहीच, किती तास ठेवायचं ते व्हेटला आधीच स्पष्ट विचारा.

दात काढल्यावर किबल कोमट पाण्यात भिजवून लगदा करून थोडं थोडं द्या आणि किचनच्या काट्यावर रोज वजन करा, घटत चाललं तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता फोन लावा.