सीझनचे पैसे पावसाळ्यात ठेवताय? या चुका टाळा

मे संपत आला की गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर शॅकचे वासे उतरतात आणि माझ्या मेहुण्याचा फोन येतो. त्याच्या तिथे पर्यटकांना द्यायच्या चार खोल्या आहेत. सीझनमधले तीन-चार लाख पावसाळाभर पडून राहतात आणि सप्टेंबरात रंगकाम निघाले की लागतात. गेल्या वर्षी त्याने विचारले, "भावोजी, रेपो कमी झाला म्हणतात. आता पैसे कुठे ठेवू?"

पहिली चूक याच प्रश्नात आहे. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीचे पैसे देते तो दर. नुसत्या त्याच्याकडे बघून चालत नाही.

रोज हिशेब मिटवताना एखाद्या बँकेला पैसे कमी पडतात, दुसरीकडे उरतात. तारण न देता एका रात्रीपुरते घेतले की ते कॉल मनी, सरकारी रोखे तारण ठेवून घेतले की ट्रेप्स. कॉल मनीचा सरासरी दर रेपोच्या जवळपास राखणे हे रिझर्व्ह बँकेचे रोजचे काम. त्यासाठी तिने दोन कठडे घातले आहेत. खालचा एसडीएफ, एप्रिल २०२२ पासूनचा, रेपोहून पाव टक्का कमी. जादा पैसे बँका तिथे ठेवतात. वरचा एमएसएफ, रेपोहून पाव टक्का जास्त. अडलेली बँक रोखे ठेवून तिथून उचलते.

या दोहोंमध्ये दर कुठे टेकेल, हे बाजारात पैसा किती आहे त्यावर ठरते. १५ जूनला आणि १५ सप्टेंबरला कंपन्या आगाऊ कर भरतात. तो पैसा बँकांतून निघून सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जातो आणि दर वर सरकतो. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानासाठी आपण एटीएममधून नोटा काढतो, तेव्हाही बँकांकडची शिल्लक तेवढीच आटते. तुमच्या-माझ्या दोन-चार हजारांनी काही होत नाही म्हणा, पण गणपती म्हापशापासून मुंबईपर्यंत सगळीकडे एकाच दिवशी येतो. अशा वेळी रिझर्व्ह बँक रेपोचे लिलाव करून पैसा सोडते. फार झाला की उलटे लिलाव करून ओढून घेते.

कोविडच्या काळात बाजारात पैसा इतका होता की रेपो ४ टक्के असताना एका रात्रीचे दर ३.३५ टक्क्यांच्या रिव्हर्स रेपोपाशी (तेव्हाचा खालचा कठडा), कधी त्याच्याही खाली होते. रेपो बघून लिक्विड फंडाकडून, म्हणजे असल्याच कमी मुदतीच्या व्यवहारांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडाकडून, चार टक्के धरणाऱ्याचा हिशेब तिथेच चुकला.

मेहुण्याने शेवटी रिटेल डायरेक्ट या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर ९१ दिवसांचे ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचा कमी मुदतीचा कर्जरोखा, घेतले. किमान रक्कम १०,००० रुपये, लिलाव बुधवारी, व्यवहार पुरा होतो दुसऱ्या दिवशी. लगेच फोन: "लाखाचे बिल घेतले, ९८,६४७ च गेले. चूक तर नाही ना झाली?" नाही. बिलावर वेगळे व्याज नसते. कमी पैशात घ्यायचे, मुदतीला पूर्ण लाख मिळतात. मधले १,३५३ रुपये म्हणजेच कमाई, वर्षाच्या हिशेबाने साडेपाच टक्के. १.३५ टक्के हा आकडा एफडीच्या वार्षिक दराशेजारी ठेवून नाक मुरडणारेही मी पाहिलेत. वर टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असे समजून रिटर्नमध्ये हे उत्पन्न लिहीत नाहीत. लिहा. पुढे नोटीस आली की माझ्याकडेच येता.

दुसरी चूक तारखेची, खरी फसगत तिथेच झाली. बिल घेतले जूनच्या शेवटी, रंगारी दारात सप्टेंबरच्या सुरुवातीला. मुदतीआधी विकता येते, पण छोट्या रकमेला मनासारखा गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. त्याने माझ्याकडून उसने नेले.

तिसरी चूक जास्त महागात पडते: "रिझर्व्ह बँक आहे ना पाठीशी!" ट्रेझरी बिलामागे भारत सरकार असते. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. कमर्शियल पेपर म्हणजे कंपनीने तारण न देता घेतलेले कमी मुदतीचे कर्ज, त्यामागे फक्त ती कंपनी. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीने पैसे थकवले, तेव्हा तिचे पेपर बाळगणाऱ्या फंडांनाही झळ बसली. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेंपलटन या म्युच्युअल फंड कंपनीने सहा डेट योजना (रोख्यांत पैसे लावणाऱ्या) बंद केल्या. चारच दिवसांत रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांसाठी ५०,००० कोटींची खिडकी उघडली, पण ती बँकांमार्फत कर्जाची होती, बाकीच्या फंडांत पळापळ होऊ नये म्हणून. त्या सहा योजनांतल्या लोकांना पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले. म्हणून फंड घेताना त्यात कुणाचे पेपर आहेत ते महिन्याच्या यादीत बघा. पाच मिनिटांचे काम आहे.

यंदा मेहुण्याने जूनच्या पहिल्याच बुधवारी बोली लावली. पैसे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतील. रंगाऱ्याला त्याने दुसऱ्या आठवड्यात बोलावले आहे.