मालिकांच्या पुरस्काराची रात्र: खळ्यातला पडदा आणि अंदाजाच्या चिठ्ठ्या

वाहिन्यांचे वार्षिक पुरस्कार सोहळे आधी चित्रित होतात आणि काही दिवसांनी टीव्हीवर येतात. वाडीत सगळ्यांनी मिळून सोहळा बघायचा आणि विजेत्यांच्या अंदाजाची स्पर्धा ठेवायची असेल, तर सगळा घोळ इथेच होतो. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी ट्रॉफी हातात घेतलेले फोटो मोबाइलवर फिरू लागतात. प्रक्षेपणाच्या संध्याकाळी चिठ्ठ्या गोळा केल्या, तर मुंबईच्या भाच्याने आदल्या आठवड्यात फोटो पाठवलेली काकू दहापैकी दहा बरोबर सांगते आणि बाकीचे चिडतात. म्हणून नामांकनं जाहीर झाली आणि मतदान सुरू झालं, की दोन-तीन दिवसांत चिठ्ठ्या पेटीत पडायला हव्यात. सोहळ्याची जाहिरात सुरू होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

तारखांचा अंदाज आधी घ्या. झी मराठीचा सोहळा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसतो, म्हणजे कोकणात परतीच्या पावसाचे आणि विजांचे दिवस. स्टार प्रवाहचा मार्चच्या आसपास असतो, तेव्हा शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरी येण्याच्या रात्रीच सोहळा आला तर बेत सरळ पुढे ढकला आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर बघा. पालखीशी स्पर्धा लावून कुणी येणार नाही. सोहळा कधी कधी शनिवार-रविवार असा दोन भागांत दाखवतात. तेव्हा निकालाचा फळा पहिल्या रात्री पुसायचा नाही.

चिठ्ठी करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: हे पुरस्कार त्या त्या वाहिनीच्या स्वतःच्या मालिकांपुरते असतात. झीच्या सोहळ्यात प्रवाहची मालिका नसते, आणि उलटही नसते. त्यामुळे 'यंदाची सर्वांत चांगली मालिका' असा मोघम प्रश्न चिठ्ठीत ठेवू नका, नामांकनं जशीच्या तशी उतरवून काढा. दहा विभाग पुरेत: मालिका, नायक, नायिका, जोडी, कुटुंब, सासू, सून, खलनायक, खलनायिका, शीर्षकगीत. त्या वर्षीच्या नामांकनात यातला एखादा नसेल तर जो असेल तो घ्या. 'विशेष' नावाने दिले जाणारे पुरस्कार घेऊ नका. त्यांना नामांकनच नसतं, मग अंदाज कशाचा करणार?

नाव पात्राचं लिहा आणि कलाकाराचं त्याखाली बारीक अक्षरात. 'माधव अभ्यंकर' म्हटल्यावर क्षणभर थांबणारी आजी 'अण्णा नाईक' म्हटल्याबरोबर मान डोलावते. चिठ्ठी अशी दिसावी:

नायिका (२ गुण)
☐ पात्राचं नाव, मालिका
☐ पात्राचं नाव, मालिका
☐ पात्राचं नाव, मालिका

प्रत्येक नावापुढे चौकोन, त्यात फक्त खूण. अक्षर किमान १६ पॉइंटचं. म्हाताऱ्या माणसांना बाराचं अक्षर पडवीतल्या दिव्यात वाचता येत नाही. मालिका, नायक आणि नायिका यांना २ गुण, बाकी सातांना १, एकूण १३. बरोबरी सोडवायला तळाशी एक प्रश्न टाका: 'सर्वांत जास्त पुरस्कार मिळवणाऱ्या मालिकेला एकूण किती मिळतील?' ज्याचा आकडा जवळचा तो पुढे. तरीही बरोबरी राहिली तर ज्याची चिठ्ठी आधी पेटीत पडली तो जिंकला, म्हणून चिठ्ठी घेताना मागे तारीख आणि वेळ टाका. पुरस्कार दोघांना विभागून दिला तर दोघांपैकी कुणावरही खूण असलेल्याला पूर्ण गुण द्यायचे. हा नियम आधी वाचून दाखवा, कारण नेमकं यावरच भांडण होतं. प्रत्येक चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून मगच पेटी चिकटपट्टीने बंद करा. गुण मोजणाऱ्या दोघांनी स्वतः चिठ्ठी भरायची नाही.

प्रवेशाचे पैसे ठेवू नका, अगदी दहा रुपयेही नाहीत. पैसे घालून अंदाज केला की तो जुगाराकडे झुकतो. बक्षीस म्हणून किलोभर काजूगर नाहीतर कोकम आगळाची बाटली भरपूर झाली. बघायलाही तिकीट नको. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७नुसार परवान्याशिवाय पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हे वाहिनीच्या हक्काचं उल्लंघन आहे. 'मंडळाच्या देणगीसाठी' म्हणून लावलेला प्रवेशाचा दरही दरच. घरच्या खळ्यात (अंगणात) घरचे आणि शेजारचे जमून फुकट बघणं वेगळं.

आता छत्री. आपल्याकडून बघितलं तर डीटीएचच्या छत्र्या साधारण आग्नेयेकडे तोंड करून असतात, कुठली कंपनी त्याप्रमाणे थोडा फरक. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या बाजूची फणसाची फांदी किंवा माडाची झावळी वाढून मध्ये आलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण चित्र दिसत असतं. सोहळ्याच्या आठ दिवस आधी कोरड्या दुपारी सेट टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलची ताकद आणि दर्जा हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. ताकद बरी पण दर्जा पडलेला असेल तर बहुतेक वेळा फांदी, हललेली छत्री किंवा केबलच्या पिनेत शिरलेलं पाणी. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात, तांब्याची तार हिरवी पडते. तसं दिसलं तर टोक इंचभर कापून नवीन पिन बसवा, वर रबरी टोपी किंवा चिकटपट्टी, आणि केबलला पिनेच्या आधी खाली झुकलेला वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जातं. बोल्टांना ग्रीस लावा.

मुसळधार पाऊस पडला की चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं. डीटीएचच्या लहरी दाट पावसात शोषल्या जातात, त्यामुळे ढग छत्रीच्या दिशेला असेपर्यंत इलाज नाही. बहुतेकदा सर ओसरली की चित्र आपोआप परततं. मात्र या वेळात कुणालाही कौलांवर चढवून छत्री हलवायला लावू नका. हललेली छत्री पाऊस थांबल्यावरही लागत नाही आणि मग सगळी रात्र जाते, शिवाय ओल्या कौलांवरून घसरण्याची भीती वेगळीच. पर्याय म्हणून वाहिनीचं अ‍ॅप एका फोनवर आधीच उघडून, लॉगिन करून ठेवा. रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा एचडीत तासाभरात संपतो. दर्जा ४८० वर ठेवलात तर तासाला पाऊण जीबीच्या आसपास जातो आणि चादरीवर फारसा फरक कळत नाही.

वीज कडाडायला लागली तर मात्र बघणं बंद. छत्रीची केबल बॉक्समधून आणि प्लग भिंतीतून, दोन्ही काढायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज जवळ पडली की धक्का केबलमधूनही आत येतो.

लाईट जाणार, हे धरूनच चाला. १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, पण इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण उतरवायची नसते हे धरलं तर हाताशी साडेआठशे-नऊशेच येतात. प्रोजेक्टर २०० वॉट, स्पीकर ६०, बॉक्स १५, दोन बल्ब मिळून १८. म्हणजे जेमतेम तीन तास. जाहिराती धरून सोहळा त्याहून लांबतो. म्हणून लाईट गेली की फ्रिज आणि पंख्यांची बटणं आधी बंद. ४३ इंची एलईडी टीव्ही ८०-१०० वॉटवर चालतो. माणसं वीस-पंचवीसच असतील तर टीव्हीच बरा, प्रोजेक्टरची हौस सोडा.

जास्त माणसं असतील तर पडदा. सात फूट रुंद आणि चार फूट उंच चित्र काढायचं असेल आणि प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर तो पडद्यापासून साडेदहा फुटांवर बसतो. रेशो वेगळा असेल तर सातला त्याने गुणा. खोक्यावर छापलेल्या नुसत्या लुमेनच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, 'अ‍ॅन्सी लुमेन' किती ते विचारा, तो प्रमाण पद्धतीने मोजलेला उजेड असतो. अंधाऱ्या खळ्यात दीड-दोन हजार पुरतात. पांढरी सुती चादर इस्त्री करून घ्या. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो, म्हणून मागे गडद घोंगडी लावा. वरच्या आणि खालच्या कडेला बांबू शिवून टाका आणि खालचा बांबू दोन्ही टोकांना सुंभाने खुंट्यांना ताणून बांधा, नाहीतर खाडीवरचा वारा आला की नायिकेचं नाक कानापर्यंत जातं. चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फूट वर हवी. पुढे चटईवर मुलं, मागे खुर्च्या. पावसाचा भरवसा नसेल तर पडदा खळ्यात नको, मांडवाखाली किंवा पडवीच्या टोकाला. पाऊस उघडल्यावर पाकोळ्या उजेडावर झेपावतात आणि थेट प्रोजेक्टरच्या भिंगावर येतात. पडद्यापासून वीस-पंचवीस फुटांवर, विहिरीच्या बाजूला एक प्रखर पांढरा बल्ब लावून ठेवा, बहुतेक तिकडे जातात.

आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर नको. ओठ आधी हलतात आणि संवाद नंतर येतो. बॉक्सपासून स्पीकरपर्यंत वायर घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे ही बंदी सकाळी सहापर्यंत असते. मुख्य पुरस्कार शेवटी असल्यामुळे नेमकी तीच वेळ येते. तेव्हा दहाला स्पीकर बंद करून टीव्ही पडवीत घ्या आणि उरलेला भाग दार ओढून घरच्या आवाजात बघा.

खाण्यात घावणे ठेवले तर दोन बायका सगळा सोहळा चुलीपाशी काढतात, म्हणून नकोत. काळ्या वाटाण्याची उसळ दुपारीच करून ठेवा, चाळीस माणसांना दोन किलो वाटाणे, आदल्या रात्री भिजत घातलेले. सोबत पाव. सोलकढी सहा लिटर.

जाहिरातींच्या वेळात मुलं पांगतात आणि परत गोळा करताना पुढचा पुरस्कार निघून जातो. त्यासाठी झटपट प्रश्न तयार ठेवा, प्रत्येक ब्रेकला दोन. मुंबई दूरदर्शन केंद्र कधी सुरू झालं? २ ऑक्टोबर १९७२. झी मराठीचं आधीचं नाव? अल्फा मराठी, १९९९ साली सुरू झालेली. कलर्स मराठीचं? ई टीव्ही मराठी. पहिला एमी (अमेरिकेतले टीव्ही पुरस्कार) सोहळा कधी झाला? २५ जानेवारी १९४९, लॉस एंजेलिस. आंतरराष्ट्रीय एमीत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान २०२० साली कुठल्या भारतीय मालिकेला मिळाला? 'दिल्ली क्राइम'. २०२३ साली विनोदी विभागात? वीर दास, पण विभागून. इथे विभागून मिळालेल्या पुरस्काराचा आपला नियम पुन्हा एकदा वाचून दाखवायला हरकत नाही. अमेरिकेतला एमी मात्र थेट प्रक्षेपित होतो. सप्टेंबरातल्या रविवारी तिकडे पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेपाच असतात. त्याची स्पर्धा ठेवायची असेल तर चिठ्ठ्या रविवारी रात्रीपर्यंत घेता येतात, कारण फुटायला काही नसतं.

निकाल शेवटी एकदम सांगण्यापेक्षा प्रत्येक पुरस्कारानंतर फळ्यावर टाकत जा. एकाने विजेत्याचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पेटीतल्या चिठ्ठ्यांवर तांबड्या पेनाने खूण करायची. चाळीस चिठ्ठ्या एका ब्रेकमध्ये तपासून होत नाहीत, म्हणून फळ्यावर फक्त पहिल्या पाचांचे गुण. सगळं मोजून संपायला सोहळ्यानंतर पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर कुणालाही 'जिंकलास' म्हणू नका.

आवरताना चादर दमट असतानाच गुंडाळून माळ्यावर टाकली तर आठवड्यात काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. रात्री तशीच पडवीत पसरून ठेवा, सकाळी उन्हात. प्रोजेक्टर पंखा थांबेपर्यंत प्लगमधून काढू नका.