ॲपइमेज मेनूत कसं बसवावं

आमच्या गावात नेट रडतखडत चालतं. म्हणून वाचनालयातल्या उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) कॉम्प्युटरसाठी मी अमरावतीहून पेन ड्राइव्हवर क्रिटाचं, म्हणजे चित्रं काढायच्या प्रोग्रामचं, ॲपइमेज आणलं. अख्खा प्रोग्राम एकाच फाइलीत, इन्स्टॉल करायचं काम नाही. पहिल्याच दिवशी सातवीतली पोरगी म्हणाली, "दादा, हे दाबलं त काहीच उघडत नाही ना." चूक तिची नव्हती, फाइल मेनूत नीट बसवून देणं माझं काम होतं.

फाइल आधी होम फोल्डरमध्ये उतरवा. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट प्रकारचा असतो, तिथे फाइलीला चालवायची परवानगी टिकत नाही. नावातला आवृत्तीचा आकडा काढून टाका, म्हणजे पुढची आवृत्ती त्याच नावाने ठेवली की मेनूत काही बदलावं लागत नाही. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. मग राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये परवानगी द्या.

तरी उघडत नसेल तर लिबफ्यूज2 (ॲपइमेज चालायला लागणारं पॅकेज) टाका, उबुंटू 22.04 पासून ते सोबत येत नाही. 24.04 मध्ये त्याचं नाव लिबफ्यूज2टी64 आहे. नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज मात्र टाकू नका, 22.04 वर त्यापायी डेस्कटॉपचेच भाग उडू शकतात.

आता मुख्य काम. टर्मिनलमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता लिहा, त्यानंतर जागा सोडून दोन आडव्या रेघा देऊन 'ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' (--appimage-extract) लिहा. जे फोल्डर तयार होईल त्यात आयकॉन आणि तयार 'डॉट डेस्कटॉप' फाइल सापडते, मेनूतली नोंद हीच फाइल ठरवते. आयकॉन जपून ठेवा. डेस्कटॉप फाइल होममधल्या लपलेल्या 'डॉट लोकल', त्यातल्या 'शेअर', त्यातल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ठेवा आणि एडिटरमध्ये उघडा.

'एक्झेक' आणि 'आयकॉन' या ओळींत स्लॅशपासून पूर्ण पत्ता लिहा. टिल्ड (~ हे चिन्ह) चालत नाही. 'ट्रायएक्झेक'मध्येही फाइलीचा तोच पत्ता द्या. उद्या कुणी फाइल उडवली तर मेनूतली नोंद आपोआप दिसेनाशी होते, पोरं मेलेल्या आयकॉनवर क्लिक करत बसत नाहीत. माझ्या मते ही ओळ कधीच गाळू नये.

'नेम'नंतर चौकोनी कंसात एमआर (mr, मराठीचा कोड) घालून 'चित्र काढा – क्रिटा' लिहा. डेस्कटॉप इंग्रजीत असेल तर साध्या 'नेम'मध्येच मराठी लिहा. 'कीवर्ड्स'मध्ये चित्र, रंग, ब्रश हे शब्द अर्धविराम देऊन टाका. त्या पोरीने शोधताना 'रंग' एवढंच टाइप केलं आणि क्रिटा समोर आलं.

ही नोंद एकाच खात्यापुरती असते. सगळ्यांना हवी असेल तर ॲपइमेज आणि आयकॉन सिस्टिमच्या 'ऑप्ट' फोल्डरमध्ये, डेस्कटॉप फाइल 'यूएसआर, लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स'मध्ये ठेवा, आतले पत्ते बदला आणि दुसऱ्या खात्यातून उघडून पाहा.