कोकण किनाऱ्यावरच्या पायी भटकंतीसाठी हलकी सॅक आणि भरवशाचे सामान

हर्णैहून दाभोळपर्यंत किंवा गुहागरहून जयगडच्या खाडीपर्यंत तीन-चार दिवस पायी जायचे ठरले, की बहुतेक जण हिमालयातल्या ट्रेकची यादी समोर ठेवून सॅक भरू लागतात, आणि चूक तिथेच होते. त्या यादीचा सारा भर थंडीवर असतो. इथे माणूस अडतो तो ओलीमुळे, उन्हामुळे आणि भरतीमुळे. म्हणून उबेसाठी लागणारे वजन कमी करावे आणि ते पाण्याला व सामान कोरडे ठेवण्याला द्यावे.

प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन कागदावर लिहावे. पाणी आणि खाणे वगळता एकूण भार 5 किलोच्या आत बसवता येतो. तीन लिटर पाणी म्हणजे आणखी तीन किलो, आणि त्यात काटछाट करता येत नाही, हे धरूनच बाकीचा हिशेब मांडावा.

सॅक 35 ते 40 लिटरची पुरते. तिचे स्वतःचे वजन किलोभर असावे, कंबरपट्टा भक्कम असावा आणि पाठीकडे हवा खेळायला जागा असावी, कारण दमट हवेत घाम वाळतच नाही. खाऱ्या वाऱ्याने धातूची चेन गंजून अडकते, त्यामुळे प्लॅस्टिकची चेन आणि प्लॅस्टिकचेच बक्कल पाहून घ्यावे. सॅकवर चढवायच्या रेनकव्हरवर मी विसंबत नाही. ते वाऱ्याने सुटते आणि पाठीवरून ओघळणारे पाणी त्याच्या आत शिरतेच. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधणे स्वस्त आहे आणि अधिक खात्रीचेही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्याला पिसांची स्लीपिंग बॅग लागत नाही; पिसे दमट हवेत गोळा होतात आणि त्यांची ऊब जाते. पातळ चादर, एक हलका फ्लीस आणि घडीची कॅरीमॅट एवढे पुरे. एकपदरी तंबूत पहाटे आतून पाणी ठिबकते, म्हणून चारी बाजूंनी वारा खेळेल असे ताडपत्रीचे हलके छत आणि त्याखाली मच्छरदाणी अधिक सुखाची ठरते. हे छत वाळूत भरतीने सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेपासून बरेच वर बांधावे. नारळाखाली मात्र कधीही नको, कारण पडणारा नारळ जीवघेणा असतो. अंग पुसायला जाड टॉवेलऐवजी पंचा घ्यावा. तो तासाभरात वाळतो, आणि भर उन्हात भिजवून डोक्याला गुंडाळता येतो.

पादत्राणे दोन प्रकारची लागतात. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे लाल दगडाच्या उघड्या पठारावर, खडबडीत तळव्याचे बूट हवेत. खाडीकाठच्या खडकांवर कालवांच्या शिंपा पाय कापतात, तिथे मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. अनवाणी उतरू नये. खाडी चालत ओलांडण्याच्या फंदातही पडू नये. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड इथे फेरीबोट मिळते.

सड्यावर सावली नसते, त्यामुळे पाण्याचा प्रश्न खरा तिथे येतो. क्लोरीनच्या गोळीने जंतू मरतात, पण त्यासाठी अर्धा तास थांबावे लागते, आणि खारटपणा ना गोळीने जातो ना साध्या फिल्टरने. खाडीलगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, म्हणून वाडीतल्या माणसांना विचारूनच बाटली भरावी. ओआरएसची चार पाकिटे ठेवावीत. ती नसल्यास लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. शेगडी मी नेत नाही. गॅसचा डबा रेल्वेतून नेता येत नाही, आणि वाटेतल्या गावांत जेवण मिळते. सोबतीला गूळ-पोहे आणि शेंगदाण्याचे लाडू पुरतात.

संकटकाळच्या वस्तू मूठभरच असाव्यात, पण दरवेळी तपासलेल्या असाव्यात: हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, लायटर, घडीची सुरी, पाच-सहा मीटर दोरी, पॉवर बँक, भागाचा छापील नकाशा आणि मोबाइलसाठी हवाबंद पिशवी. काडेपेटी या हवेत सादळते. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन वापरणे भारतात बेकायदा आहे, म्हणून परदेशी याद्या पाहून तो आणू नये. त्याऐवजी मुक्कामाचे वेळापत्रक घरी लिहून द्यावे.

प्रथमोपचारात दोन रुंद क्रेप बँडेज हवीतच. जांभ्याच्या दगडांत फुरसे असते आणि अंधारात ते दिसत नाही, त्यामुळे हेडटॉर्च ही खरी सर्पदंशाविरुद्धची पहिली वस्तू आहे. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. काठी आणि बँडेजच्या आधाराने अवयव स्थिर ठेवून 108 वर फोन करावा. भारतात मिळणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, पण ती रुग्णालयातच द्यायची असते.

भरती ओळखण्याच्या साधनाला तर वजनच नाही. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाखालच्या खडकांवरून वळसा घालण्याऐवजी वरची सड्याची वाट धरावी.

निघण्याच्या आठवडाभर आधी भरलेली सॅक नळाखाली पाच मिनिटे धरावी आणि आतले कपडे चाचपून पाहावेत. नंतर तेच ओझे घेऊन दुपारच्या उन्हात दोन तास चालावे. खांदा जिथे काचतो तिथला पट्टा घरीच सैल करून घ्यावा, आणि जी वस्तू उगाच जड वाटली ती बाहेर काढावी.