मंडळीतली मैत्री-संध्याकाळ: या चुका टाळा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये पहिल्यांदा बायकांची संध्याकाळ भरवली, तेव्हा आम्ही खुर्च्या रांगेत लावल्या. समोर टेबल, टेबलावर फुलं, बाजूला माईक. बायका आल्या आणि सवयीने मागच्या तीन रांगांत बसल्या. पुढे स्वागत झालं, परिचय झाला, पाहुण्यांचं भाषण झालं. मग एका बहिणीने स्टेजवरून क्रोशाची सुई उंच धरून साखळी कशी घालायची ते दाखवलं. पाचव्या रांगेतून सुईसुद्धा दिसत नव्हती. शेवटी आभार, चहा आणि घर. दोन तासांत कुणी काही शिकलं नाही, आणि मला जास्त लागलं ते हे की शेजारशेजारी बसलेल्या बायका एकमेकींशी बोलल्याही नाहीत.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जवळजवळ प्रत्येक चर्चमध्ये महिला मंडळ असतं. मेथडिस्ट असो, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, कॅथलिक असो. बऱ्याच जणी अशी मैत्रीची, एकमेकींना काहीतरी शिकवायची संध्याकाळ सुरू करतात आणि दोन-तीन वेळांनंतर ती बंद पडते. आमचीही पडणार होती. कुठे चुकलं आणि मग काय केलं, ते लिहिते.

रांगा आणि माईक

माईक काढून टाका. प्रार्थना एक, गीत एक, पाच मिनिटांत संपवा आणि लगेच गोल करा. एका गोलात पाच-सहा जणी, फार तर सात. प्रत्येक गोलात एक काम आणि ते येणारी एक बाई. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खुर्च्या, बाकीच्यांना सतरंजी. पण सगळ्या म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर एकीकडे आणि सगळ्या पोरींना खाली एकीकडे असं होऊ देऊ नका. एकाच गोलात दोन खुर्च्या आणि चार जणी खाली, असं चालतं.

सासू आणि सून शक्यतो वेगळ्या गोलात. यात कुणाचा अपमान नाही. दोघींनाही जरा मोकळं वाटतं, एवढंच.

"कुणाला काय शिकवायचंय?" हा चुकीचा प्रश्न

हा प्रश्न विचारला की त्याच तिघी उभ्या राहतात: शिवणक्लासवाली, नर्सबाई आणि शाळेतल्या मॅडम. बाकीच्या म्हणतात, "मला काय येतंय अक्का? मी बसते की." खानापूरकडच्या एक मावशी चार महिने असंच म्हणत बसल्या होत्या. पाचव्या महिन्यात कळलं की त्यांच्या हातच्या वाकळी (गोधड्या) अख्ख्या गावात जातात.

प्रश्न बदला. "घरात, गल्लीत कुठलं काम लोक तुमच्याकडेच घेऊन येतात?" असं विचारा. मग उत्तरं येतात. कुणाकडे ब्लाउजची बाही बसवून घ्यायला येतात, कुणाकडे नाताळच्या करंज्यांचं सारण बघायला, कुणाकडे बँकेचा फॉर्म भरून घ्यायला. एकीने सांगितलं, "आमच्याकडे मिक्सर बंद पडला की मला बोलावतात." तिला प्लगची वायर बदलता येत होती, आणि तो गोल सगळ्यात मोठा झाला.

एक नियम मात्र आम्ही कडक पाळतो. आज जी शिकवते ती पुढच्या वेळी शिकणारी असते. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने मावश्यांना फोन शिकवला, आणि पुढच्या महिन्यात तीच परातीपुढे बसून जोंधळ्याची भाकरी शिकत होती. भाकरीच्या कडा फाटत होत्या. मावशींनी पीठ चिमटीत घेतलं आणि म्हणाल्या, "पिठाला विरी नाही गं, जुनं झालंय." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. जुनं पीठ असेल तर उकळत्या पाण्यात भिजवायचं, गोळा एका वेळी एकाच भाकरीचा मळायचा आणि भरपूर मळायचा. त्या दिवशी मुलगी मावशींच्या बाजूला सरकून बसली ती उठेपर्यंत तिथेच होती. शिकवणं एकाच दिशेने चाललं की तो क्लास होतो, आणि क्लास संपला की ओळख संपते.

भाषेची गाठ

आपल्याकडे हा प्रश्न टाळून चालत नाही. 1820 मध्ये लंडन मिशनचे लोक बेळगावात आले, 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेलं, 1953 मध्ये कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत झाला, आणि कॅम्पात पलटणींबरोबर तमिळ, तेलुगू, इंग्रजी बोलणारी घरं येऊन राहिली. गोव्याच्या बाजूने कोंकणी आली. त्यामुळे एकाच हॉलमध्ये मराठी, कन्नड, कोंकणी अशा सगळ्या जणी असतात.

आम्ही आधी सगळं मराठीतच सांगितलं. कन्नड बहिणी हसून बसल्या आणि पुढच्या वेळी आल्या नाहीत. मग प्रत्येक वाक्याचं भाषांतर सुरू केलं, तर वेळ दुप्पट लागला आणि सगळ्याच कंटाळल्या. दोन्ही चुका. गोलात भाषा मिसळा आणि हाताने दाखवू द्या. सुईला कन्नड बहिणी सूजी म्हणतात, दोऱ्याला दार, आणि गुंडी दोन्हीकडे गुंडीच. आपली वाकळ ती त्यांची कौदी. एवढे शब्द अर्ध्या तासात होतात. मग "ऊट आयता?" (जेवण झालं का?) असं कुणी तरी विचारतंच आणि बोलणं सुरू होतं.

एका संध्याकाळी तर आम्ही बसच्या पाटीवरची कन्नड अक्षरं शिकलो. चाळीस वर्षं इथे राहून आपल्या गावाची पाटी न वाचता येणाऱ्या मराठी बायका कितीतरी आहेत, दर वेळी कंडक्टरला विचारतात. कन्नड बहिणींनी गावांची नावं कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून आणली. कुणी कुठल्या बाजूचं हा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, कारण गरजच पडली नाही.

वेळ आणि बस

संध्याकाळ म्हणून सहाला सुरू करू नका. चारला सुरू करा, साडेसहाला संपवा. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळे लांबच्या गावांतूनही बायका येऊ लागल्या. पण फुकट बस असली तरी रात्रीची बस असेलच असं नाही. शेवटची बस कितीची, हे प्रत्येक गावच्या बाईला आधी विचारून मग वेळ ठरवा. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून शिनोळीवरून येणाऱ्या बहिणींना ही सवलत नाही. त्यांच्या एस.टी.त 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण हद्द ओलांडली की पूर्ण पैसे. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने न बोलता द्यावा.

जुलैत खानापूर भागात भाताची लावणी असते, तेव्हा ठेवू नका. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आया येत नाहीत. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन असतो, त्याच आठवड्यात दुसरा कार्यक्रम लावला की दोन्ही अर्धे होतात.

स्वयंपाकघरात अडकलेल्या चौघी

बायबलातली मार्था आणि मरीयेची गोष्ट, मार्था कामात गुंतलेली आणि मरीया येशूजवळ बसून ऐकणारी, आपण सगळ्या लहानपणापासून ऐकतो, आणि तरी दर वेळी चार मार्था स्वयंपाकघरात पाठवतो. पुलाव, कोशिंबीर, गोड. बाहेर सगळ्या हसतात आणि आत चौघी घामाने निथळतात. त्यांची संध्याकाळ होतच नाही. आम्ही जेवण बंद केलं. चहा आणि भडंग, बास. चहा थर्मासमध्ये आधीच भरून.

"प्रत्येकीने एक पदार्थ आणा" हेही करू नका. निपाणीकडच्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या एक बाई आमच्याकडे यायच्या. दोन वेळा रिकाम्या हाताने आल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. आम्हाला कारण कळायला सहा महिने लागले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं. त्या परत आल्या तेव्हा क्रोशाच्या गोलात बसल्या. पान कापून दोरा बांधायची सवय असलेली ती बोटं. बाकीच्यांचा दोरा सुटत होता आणि त्यांची साखळी एकसारखी पडत होती. साहित्याची वर्गणीही घेऊ नका. टेलरकडच्या चिंध्या, जुन्या साड्या, उरलेली लोकर यांची एक टोपली हॉलमध्येच ठेवा.

कामं बिघडतात ती अशी

क्रोशाचं काम वर जाताना अरुंद होत जातं, ही नेहमीची तक्रार. ओळीचा शेवटचा खांब (उभा टाका) निसटतो म्हणून असं होतं. प्रत्येक ओळ संपली की खांब मोजायचे; पहिल्या ओळीत वीस तर शेवटपर्यंत वीस. नवशिक्या बाईला पांढरा बारीक दोरा आणि बारीक सुई देऊ नका, तिचा हात आवळतो आणि टाका दिसत नाही. जाड लोकर, फिक्या रंगाची, आणि चार मिलिमीटरची सुई. डावरीला शिकवायचं असेल तर शेजारी न बसता तिच्यासमोर बसा, तिला आरशासारखं दिसतं.

कसुती, म्हणजे तिकडचं पारंपरिक भरतकाम, शिकवणाऱ्या धारवाडकडच्या बहिणी फार सुंदर काम करतात. गवंती, मुर्गी, नेयगी, मेंथी हे तिचे चार टाके. पण कसुतीत कापडाचे धागे मोजावे लागतात, आणि आम्ही पहिल्याच दिवशी काळ्या इरकलीवर, ट्यूबलाईटच्या उजेडात बसलो. कुणालाही एक धागा दिसेना. सुरुवात मॅटीच्या (धागे सहज मोजता येतील अशा जाड विणीच्या) कापडावर, फिक्या रंगावर, आणि खिडकीजवळ उजेड असताना करा. मागे गाठ मारू नका. गवंती-मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी.

केकच्या दिवशी वीस जणींना एका शेगडीभोवती उभं केलं होतं. दिसलं फक्त पुढच्या चौघींना. आता पीठ फेटणं गोलात होतं आणि भाजणं शेवटी. कुकरात करायचा असेल तर तळाला मीठ, वर जाळी, झाकणाची शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, मंद गॅसवर पाऊण तास. शेजारच्या लिंगायत, जैन मैत्रिणी येणार असतील तर अंडं आहे की नाही ते आधी सांगा. आणि सुरुवातीला प्रार्थना होते, हेही बोलावतानाच सांगा. माहीत असून ज्या येतात त्या मनापासून बसतात. येऊन अचानक कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

फोनवरून पैसे पाठवायला शिकवताना शिकवणारीने दुसरीचा पिन स्वतः टाकू नये, कितीही घाई असो. आणि एकच गोष्ट दहा वेळा म्हणून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार.

प्रार्थनेचे विषय आणि गल्ली

हे सगळ्यात नाजूक. आम्ही शेवटी गोलात विचारायचो, "कुणाचा प्रार्थनेचा विषय आहे?" एका बहिणीने नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलं. ती रडली, सगळ्यांनी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तिच्या गल्लीत पोचलं होतं. ती वर्षभर चर्चलाही आली नाही.

तेव्हापासून गोलात विषय मागत नाही. दोन मिनिटं शांत राहतो. जिला बोलायचं असेल ती नंतर एकीजवळ थांबते, आणि ती एक कोण हे तिनेच ठरवायचं. चिठ्ठ्यांचाही प्रयोग केला, पण अक्षर ओळखू येतं. मला वाटतं, हात कामात असताना बायका आपोआप बोलतात, मान खाली घालून, एकमेकींकडे न बघता. तेवढं पुरतं. ते बोलणं तिथेच राहावं म्हणून ग्रुपवर फोटो टाकायचे असतील तर फक्त कामाचे टाका, चेहऱ्यांचे विचारूनच.

नवी बाई आली की तिला "बसा" म्हणून सोडून देऊ नका. एक जोडीदारीण ठरवून द्या, जी बसस्टँडपर्यंत तिच्याबरोबर जाईल.

एका दिवसात संपणारं काम

एकाच संध्याकाळी संपणाऱ्या वस्तू आम्ही फार केल्या: कागदी फुलं, राख्यांसारखे बँड. वस्तू घेऊन बाई घरी जाते आणि परत यायचं कारण उरत नाही. आता एक गोल कायम वाकळीचा असतो. जुन्या साड्या आधी धुऊन घ्यायच्या, नाहीतर नंतर आटून चुण्या पडतात. थर नीट पसरून चारी कडा आधी कच्च्या टाचून घ्यायच्या आणि धावदोरा कडेकडून आत आत घालत यायचा. मधूनच सुरू केलं की कापड फुगतं. चारही बाजूंना दोन-दोन जणी बसतात. एक वाकळ चार-पाच संध्याकाळी चालते, आणि ज्या घरात बाळ येणार किंवा ज्या घरी कुणी आजारी आहे तिथे जाते.

वाकळ गुंडाळून ठेवताना सुया तिच्यात टोचून ठेवू नका. आमची एक सुई अशीच निसटून सतरंजीत राहिली आणि रविवारी संडे स्कूलच्या पोराच्या पायात गेली. आता डबीत मोजून ठेवतो, आठ काढल्या तर आठ परत.